गिटार राहू दे, गाणं बंद कर

रविवारची सकाळ होती. आई मेथी निवडत बसली होती आणि मी स्पीकरवर रॉबी बाशो हा अमेरिकन गिटारवाला लावला होता. पहिली तीन-चार मिनिटं नुसती गिटार वाजत होती, तोवर सगळं ठीक होतं. आईची मान बारीक हलत होती. म्हणजे आवडतंय, एरवी ती बोलून दाखवत नाही. मग बाशोनं तोंड उघडलं आणि आईचा हात जुडीतच थांबला.

"काय झालं याला?"

"गातोय गं."

"पोटात दुखतंय का त्याच्या?"

आतून बायकोचा आवाज आला, "गिटार राहू दे, गाणं बंद कर."

आता हे काय भाजीतलं खोबरं आहे का, आवडत नाही म्हणून बाजूला काढायला? पण तिचं म्हणणं मला मनातून पटत होतं. तेव्हा तरी पटत होतं. एकाच माणसाच्या हातात इतकं सोनं आणि गळ्यात हे असलं काहीतरी. आमच्या घरातला हा वाद बाशोच्या चाहत्यांतही आहे. एक तट म्हणतो, हा गायला नसता तर पोलादी तारांच्या गिटारीत याचं नाव सगळ्यांच्या वर असतं. दुसरा म्हणतो, गाणं काढून टाका, मग उरतं काय ते सांगा. मी बरीच वर्षं पहिल्या तटात होतो. आता दुसऱ्यात आहे. मधे काय झालं ते लिहावं म्हणून बसलोय.

कॉलेजात असताना मी गिटार शिकलो ती सगळे शिकतात तशी. चार कॉर्ड, आठ हिंदी गाणी, गॅदरिंगला टाळ्या. गिटार म्हणजे गाणाऱ्याच्या मागे खाडखाड वाजवायची वस्तू, एवढीच माझी समजूत. पुढे कधीतरी जॉन फेही या अमेरिकन गिटारवाल्याचं वादन कानावर पडलं आणि समजूत मोडली. गाणारा नाही, ड्रम नाहीत, पियानो नाही. एक माणूस, एक गिटार, आणि ऐकताना वाटावं की दोघं-तिघं वाजवतायत. अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाललाय, एक-दोन, एक-दोन, बैलगाडीच्या चालीनं. आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका वरच्या तारांवर स्वतःचं वेगळंच काही सांगतायत. याला फिंगरस्टाइल म्हणतात. अंगठ्याला बोटांची दखल घ्यायची नसते, हीच यातली खरी मेख. पहिले सहा महिने माझा अंगठा बोटांमागे फरफटत जात होता.

फेहीनं १९५९ साली, स्वतःची रेकॉर्ड कोण काढणार म्हणून स्वतःच टाकोमा नावाची कंपनी काढली. वॉशिंग्टनला लागून असलेल्या टाकोमा पार्क या गावाचं ते नाव. अमेरिकेच्या दक्षिणेतले जुने ब्लूजवाले ज्या पद्धतीनं गिटार वाजवत, ती पद्धत उचलून त्यानं लांबलचक, शब्दांवाचूनच्या रचना केल्या. पोलादी तारांची गिटार एकटीनं मैफल करू शकते हे त्यानं दाखवून दिलं. मेरिलँडच्या विद्यापीठात त्याच्या आसपास जी पोरं जमली, त्यांत डॅनियल रॉबिन्सन नावाचा एक होता. १९४० साली बाल्टिमोरात जन्मलेला, तान्हेपणीच पोरका झालेला आणि रॉबिन्सन कुटुंबानं दत्तक घेतलेला. म्हणजे आडनाव मुळातच दुसऱ्यांचं. पुढे त्यानं सतराव्या शतकातल्या जपानी हायकूकाराचं नाव घेतलं आणि तो रॉबी बाशो झाला. १९६५ साली टाकोमानं त्याची पहिली रेकॉर्ड काढली, 'द सील ऑफ द ब्लू लोटस'. दोनच वर्षांनी आली 'बाशो सिंग्ज'. बाशो गातो! रेकॉर्डच्या नावातच धमकी आहे, असं मी मित्रांना सांगायचो.

पण आधी गिटारीबद्दल. माझं वेड तिथून सुरू झालं.

सहा तारांची गिटार साधारणपणे ई-ए-डी-जी-बी-ई अशी लावतात. बाशो पुष्कळदा ती सी-जी-सी-जी-सी-ई अशी लावायचा. कागदावर ही अक्षरं लिहिली तेव्हा काही कळलं नाही. मग सहज 'सी'ला षड्ज धरून बघितलं: सा प सा प सा ग. मी पेन खाली ठेवलं. हा तर तंबोरा झाला! वर गंधार लावलेला तंबोरा.

त्याच संध्याकाळी लावून बघितलं. सहावी तार चार पडदे खाली आणायची. ती इतकी ढिली पडते की पहिल्यांदा पडद्यांवर खडखडते, आणि वाटतं आपण वाद्य बिघडवून ठेवलं. पाचवी आणि चौथी दोन-दोन पडदे खाली. तिसरी आहे तिथेच. दुसरी मात्र अर्धा सूर वर चढवायची, आणि तिथे जीव मुठीत. डोळे बारीक करून, तोंड बाजूला फिरवून मी खुंटी पिळली. तार टिकली. मग डाव्या हाताचं बोटही न लावता उजव्या अंगठ्यानं वरून खाली एक हात फिरवला.

खोली भरून गेली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

त्या लावणीत कॉर्ड पकडायला लागतच नाही. मोकळ्या तारा आपापल्या घुमत राहतात आणि तुम्ही एका तारेवर बोट सरकवत स्वर शोधत जाता. गॅदरिंगवाली गिटार एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात उड्या मारते. ही एका जागी बसते. आणि बाशो वाजवायचा ती बहुतेकदा बारा तारांची. तिच्यात प्रत्येक तारेला जोडीदार असतो. जाड तारांना वरच्या सप्तकातला, बारीक तारांना त्याच सुराचा. त्या जोड्यांवर त्याचा उजवा हात, सरोदवर जलद 'झाला' वाजवतात तसा अखंड चालतो.

सरोदचा उल्लेख उगाच केला नाही. १९६२च्या सुमाराला त्याच्या कानावर रविशंकरांचं वादन पडलं आणि त्याची दिशाच बदलली. कॅलिफोर्नियात गेल्यावर तो उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिकला. खाँसाहेबांनी १९६७ साली बर्कलीत कॉलेज काढलं, तो हाच काळ. मग बाशोच्या रचनांच्या नावांत 'राग' शब्द येऊ लागला. तिथे मात्र आपल्याकडचा माणूस जरा सावरून बसतो. त्यांत राग आहे का? माझं कच्चं कान-ज्ञान सांगतं, नाही. आरोह-अवरोहाचं बंधन नाही, वर्ज्य-अवर्ज्याचा विचार दिसत नाही, आणि मधेच एखादा युरोपीय चर्चमधला कॉर्ड बिनदिक्कत येऊन बसतो. आलापीचा धीर मात्र आहे. सुराला उभं करायचं, त्याच्याभोवती फिरायचं, घाई करायची नाही, हे त्यानं नक्की उचललंय. राग शिकायला त्याच्याकडे जाऊ नये. राग ऐकून एखाद्या परक्या माणसाचं काय होतं हे बघायचं असेल तर जावं.

त्यानं स्वतःचं एक शास्त्रही रचलं होतं. गिटारीच्या प्रत्येक लावणीचा रंग कोणता आणि भाव कोणता, याची यादी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. मग आठवलं, ज्यांच्याकडे रागांची चित्रं काढतात, सकाळचा राग रात्री गायला की नाक मुरडतात, त्यांनी यावर हसावं?

हे सगळं चालेल. पण तो आवाज.

तो आवाज न ऐकलेल्याला कसा सांगू? जाड आहे, रुंद आहे, आणि सतत थरथरतो. माइक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचायचं म्हणून लावावा, तसा लावलेला. आणि समोर आहे कोण? एक गिटार. दिवाणखान्यात तुमच्या शेजारी बसून कोणी एकदम नांदी सुरू करावी, असं होतं. त्यात विषय कसले? गरुड, पर्वत, अनाथ, ईश्वर. मधली कुठलीच गोष्ट त्याच्याकडे नाही. पावसात छत्री विसरली, चहा गार झाला, असलं काही हा माणूस गात नाही.

आपल्या कानाला या आवाजाचं वावडं असायला कारण आहे. सूर लागला म्हणजे स्थिर लागला, ही आपली पहिली अट. आंदोलन हवं तिथे, हवं तेवढंच. सारखा कंप दिसला की आपला श्रोता म्हणतो, दम नाही, नाहीतर नाटकी आहे. गंमत म्हणजे तिकडच्या श्रोत्यालाही तो खपत नव्हता, पण वेगळ्या कारणानं. साठच्या दशकात अमेरिकेत गिटार घेऊन गाणाऱ्याकडून अपेक्षा अशी की त्यानं बोलल्यासारखं गावं. शेजारचाच पोरगा वाटावा. बाशो ऑपेरातून चुकून बाहेर पडल्यासारखा गातो. म्हणजे पूर्व-पश्चिमेचा संगम करायला निघालेल्या माणसाला पूर्व आणि पश्चिम दोन्हींनी, आपापल्या कारणांनी, हात जोडले.

याच टाकोमावर १९६९ साली लिओ कॉटकी नावाच्या पोराची रेकॉर्ड आली. बोटांचा वेग असा की बघणाऱ्याची बुबुळं फिरावीत. त्यात एकही गाणं नाही. का नाही, हे त्यानं वेष्टनावरच लिहून टाकलं: माझा आवाज म्हणजे दमट दिवशी हंस पादावेत तसा. झालं! लोक हसले, आणि पुढे तो गायला लागला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आधीच हसून घेतलं की माणूस सुटतो. आपणही करतोच की. "गळा बसलाय हं आज," असं म्हणून मगच आपण गाणं सुरू करतो. "साधंच केलंय" म्हणून पानात वाढतो.

बाशोनं ही सोय स्वतःला कधी ठेवली नाही. गळा बसलाय असं तो म्हणत नाही. डोळा मारत नाही. माझी खरी अडचण तीच होती, हे कळायला मला फार वेळ लागला. वाईट आवाज मी पुष्कळ ऐकलेत आणि त्यांची मला लाज वाटलेली नाही. याची वाटायची. कोणी खोलीत आलं की माझा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जायचा. आमचे एक चुलत आजोबा गणपतीच्या आरतीत 'घालीन लोटांगण'ला डोळे मिटून, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, भान हरपून गायचे. शेजारची मुलं आलेली असली की मी खांबामागे जायचो. तीच लाज, नुसती तीस वर्षांनी मोठी झालेली.

मधल्या काळात मी एक शहाणपणा केला. बाशोची फक्त शब्दांवाचूनची वादनं निवडून एक वेगळी यादी केली. बायको खूश, आई खूश. वर्षभर घरात तीच वाजली. आणि हळूहळू मला काहीतरी कमी पडायला लागलं. आधी कळेना काय. कळलं ते एका रात्री जुनी बारा तारांची गिटार सुरात लावताना. ती मी एका मित्राकडून भीड घालून घेतली आहे.

दोन तारा एकाच सुरात लावायच्या असतात, तेव्हा त्या अगदी जवळ आल्या की आवाजात लाटा उठतात. वां-वां-वां. दोन्ही सुरांत जितका फरक, तितक्या लाटा घाईच्या. खुंटी किंचित फिरवली की लाटा सावकाश होतात, आणखी किंचित, की लांबट होत होत मिटतात. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगायला नको. पण बारा तारांच्या गिटारीत त्या पूर्ण मिटतच नाहीत. सहापैकी कुठली ना कुठली जोडी केसभर चुकलेली असतेच, आणि त्या चुकण्यानंच ती गिटार चमचमते. सगळ्या जोड्या तंतोतंत लागल्या तर ते वाद्य मुकं वाटेल.

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलेलं. मी त्या लाटा ऐकत बसलो आणि एकदम बाशोचा गळा आठवला. तो कंप. ही तीच लाट होती! त्याच्या गळ्यात बारा तारांची गिटार होती. किंवा गिटारीत त्याचा गळा. आधी कुठलं, मला ठरवता येईना.

मग दुसरी गोष्ट सुचली. छेडलेली तार जन्मतःच मरायला लागते. कितीही जोरात छेडा, सूर उमटला त्या क्षणापासून तो विरत जातो; म्हणून तर बोटांना सतत चालत राहावं लागतं. आपल्याकडे सतारी-सरोदवाले याच दुखण्यावर मींड काढतात, एकाच आघातात जेवढं गाता येईल तेवढं गाऊन घेतात. बाशोनं सोपा उपाय केला. तार जिथे विरते, तिथून पुढचा सूर त्यानं गळ्यानं धरला. त्याची गायलेली रेकॉर्ड काढून पुन्हा ऐकली, तर बऱ्याच जागी तसंच होतं: गिटार एक वाक्य अर्ध्यावर सोडते आणि गळा ते उचलतो. माझ्या शहाण्या यादीत मी सगळी अर्धी वाक्यं जमवून ठेवली होती.

एवढं झालं तरी आवाज 'आवडला' असं म्हणता येईना. पटला, एवढंच. आवडायला आणखी एक वळण लागलं, आणि ते नगरला होतं.

माझं गाव नगर. (आता अहिल्यानगर. आमच्या तोंडून अजून नगरच निघतं.) दौंड रस्त्यावर, शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर अरणगाव आहे, आणि तिथली टेकडी म्हणजे मेहेराबाद. लहानपणी आम्हाला एवढंच माहीत होतं की तिथे न बोलणाऱ्या बाबांची समाधी आहे आणि गोरे लोक येतात. बाजारात ते लोक दिसले की आम्ही मागे मागे जायचो. ते भाजीवाल्या मावशींशी तोडक्या मराठीत घासाघीस करायचे. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे इराणी, मेरवान शेरियार इराणी. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगत, १९५४ साली तीही सोडली, मग नुसत्या खुणा. जवळच्या शिष्यांना 'मंडळी' म्हणत. हा आपला घरगुती शब्द आता अमेरिकेतल्या त्यांच्या अनुयायांच्या इंग्रजीत जसाच्या तसा वावरतो.

तर एका रात्री बाशोबद्दल वाचत होतो. बर्कली, अली अकबर, सूफी, पुढे सूफिझम रीओरिएंटेड ही संस्था. आणि मग ओळ आली, की ही संस्था मेहेरबाबांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली, आणि बाशो मेहेरबाबांचा अनुयायी. मी उठून पाणी प्यायलो. ज्या माणसाला मी कॅलिफोर्नियातून आणून कोथरूडच्या स्पीकरवर बसवलं होतं, त्याचं मन माझ्या गावच्या रस्त्यावर होतं! २०२० साली त्याच्या हरवलेल्या टेपांचा पाच सीड्यांचा संच निघाला, त्याचं नाव 'साँग ऑफ द अवतार्स'. ते नाव मी किती वेळा वाचलं होतं. अवतार मेहेरबाबा हे शब्द दौंड रस्त्यावरच्या पाटीवर त्याहून जास्त वेळा वाचले होते. दोन्ही एकमेकांना कधी चिकटले नाहीत. तसंच कॉलेजातलं. 'द हू' या रॉक बँडचं 'बाबा ओ'रायली' आम्ही होस्टेलवर भिंती हलेपर्यंत लावायचो. त्यातला बाबा अरणगावचा, हे नगरच्या पोराला ठाऊक नव्हतं.

पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आयुष्यभर न बोललेल्या गुरूचा हा शिष्य, आणि गायचा असा की भिंतीला तडा जावा. मौनाच्या पायाशी जाऊन कोणी इतकं मोठ्यानं का गावं?

गेल्या वर्षी नात्यातल्या एका साखरपुड्याला नगरला गेलो होतो. परतताना आईला म्हटलं, टेकडीवर जाऊन येऊ. ती नगरची सून, पन्नास वर्षांत एकदाही गेली नव्हती. संध्याकाळची वेळ. मधून मनमाड-दौंडची रेल्वेलाइन जाते, ती ओलांडून चढ लागतो. समाधी म्हणजे एक लहानशी, जाड भिंतींची घुमटी. छपराच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांच्या खुणा. आत घुमटाला भित्तिचित्रं आहेत, हेलन डाम या स्विस चित्रकर्तीनं काढलेली. सातला आरती. शंभरेक माणसं असतील, बरीचशी बाहेर फरशीवर बसलेली. प्रार्थना झाली, आरती झाली, आणि मग ज्याला वाटेल तो पुढे येऊन गाऊ लागला.

एका आंध्रातल्या बाईंनी तेलुगूत काहीतरी म्हटलं. खाली अरणगावचेच असावेत असे एक काका, त्यांनी अभंगासारखं एक पद म्हटलं. ताल दोनदा सुटला. मग एक गोऱ्या आजी उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगात फिक्कट पंजाबी ड्रेस, हातात लहान गिटार. ती गिटार सुरात नव्हती; दुसरी तार उतरली होती, आणि मला ते दातांत खडा आल्यासारखं जाणवत होतं. त्यांनी गायला सुरुवात केली. गळा थरथरत होता, वयानं असेल. वरचा सूर त्यांना पेलला नाही, तरी त्यांनी तो घेतला. आवाज फाटला. त्या थांबल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्या कोणाला ऐकवत नव्हत्याच. जो ऐकणारा होता तो साडेत्रेचाळीस वर्षं एक शब्द बोलला नव्हता, आणि आता तर दगडाखाली होता.

सवयीनं मी मान खाली घातली. शेजारी बघितलं तर आई मांडीवर बोटानं ताल धरून बसली होती.

याच समाधीच्या वेळी, फेब्रुवारी १९६९मध्ये, 'बिगिन द बिगीन' हे कोल पोर्टरचं नाचाच्या तालाचं इंग्रजी गाणं वाजवलं होतं, बाबांना आवडायचं म्हणून. वाचलं होतं तेव्हा विचित्र वाटलं होतं. त्या फरशीवर बसून वाटलं नाही.

बाशोचं पुढे फार काही चांगलं झालं नाही. त्याच्याकडे गिटार शिकलेल्या विल ॲकरमननं विंडहॅम हिल ही कंपनी काढली. ती पुढे सौम्य, गुळगुळीत, हॉटेलच्या लॉबीत शोभेल अशा वादनासाठी गाजली. तिथूनच १९७८ साली बाशोची 'व्हिजन्स ऑफ द कंट्री' निघाली, माझ्या मते त्याची सगळ्यात सुंदर रेकॉर्ड. तीही वर्षानुवर्षं बाजारात मिळत नव्हती. २०१३ साली पुन्हा निघाली. तोवर त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. २८ फेब्रुवारी १९८६ला तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. मानेवरच्या उपचारात झटका देताना रक्तवाहिनी फाटली, म्हणतात तो अपघात. इतका साधा, इतका निरर्थक.

त्या रेकॉर्डवर 'ऑर्फन्स लॅमेंट' नावाचं एक गाणं आहे. अनाथाचा विलाप. गिटारीचा बादशहा म्हणवणाऱ्यानं इथे गिटार बाजूला ठेवलीय. नुसता पियानो, तोही ठोकळ, शिकाऊ हातांचा वाटावा असा, आणि वर तो गळा. लपायला बोटांचं कसबही नाही. माझ्या पहिल्या तटातल्या मित्रांना हे गाणं अजिबात सहन होत नाही. मी वाद घालत नाही. त्यांच्या जागी मी सात वर्षं बसून आलोय, खुर्ची ओळखीची आहे.

टेकडीवरून उतरलो, बायपासनं सुप्याच्या रस्त्याला लागलो. अंधार झाला होता. आई पुढच्या सीटवर, बायको मागे झोपलेली. मी फार विचार न करता तेच गाणं लावलं. आवाज लहान ठेवला, सवय. शिरूरच्या आसपास आईनं हात पुढे करून तो वाढवला. तिला इंग्रजी येत नाही. गाणं संपेपर्यंत ती समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत होती.

"याला कोणी नव्हतं का रे?"

मी म्हटलं, "नव्हतं."

थोडा वेळ गेला.

"बरं, आता दुसरं काहीतरी लाव," ती म्हणाली. "आणि शिक्रापूरला थांब, चहा घेऊ."